साडेसातची वाक्यं

पत्र थोडक्यात : सांगली जिल्ह्यातून एका ताईंनी लिहिलंय. वय ४३, पतसंस्थेत नोकरी, यजमान फिरतीवर, घरी सासूबाई आणि दहावीतला मुलगा. अभ्यासावरून रोज संध्याकाळी घरात आरडाओरडा होतो आणि नंतर त्यांना स्वतःचाच राग येतो. मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्यांनी पुण्यात दोन दिवसांची ‘एनएलपी’ची, म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगची कार्यशाळा केली. ते दोन दिवस फार छान गेले. मग सांगितल्याप्रमाणे २१ दिवस रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी शांत आहे, मी समर्थ आहे, माझं घर आनंदी आहे’ असं म्हटलं. ओरडणं थांबलं नाहीच, वर आरशासमोर रडू यायला लागलं. ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, ‘तुमच्या मनातली शंका हाच अडथळा आहे, पुढच्या लेव्हलला तो निघेल.’ पुढच्या लेव्हलची फी ६५ हजार. एक एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय. यजमान म्हणतात, सगळं थोतांड आहे. मधल्या काळात आणखी एक झालं. ‘क्लासला गेला होतास का?’ असं विचारल्यावर मुलाची नजर वर उजवीकडे गेली. कार्यशाळेत हे खोटं बोलण्याचं लक्षण म्हणून शिकवलं होतं, म्हणून ताईंनी त्याला खोटारडा म्हटलं. दुसऱ्या दिवशी सरांकडून कळलं, तो गेला होता. आठ दिवस झाले, तो आईशी आजीमार्फत बोलतो. ताई विचारतात : कोर्स करू का? शब्दांनी खरंच माणूस बदलतो, की माझ्यातच काही खोट आहे?

ताई,

६५ हजारांचं नंतर बघू. आधी मुलाचं.

नजर वर उजवीकडे गेली की माणूस रचून सांगतोय, डावीकडे गेली की आठवून सांगतोय, हे एनएलपीच्या बहुतेक वर्गांत तक्ता काढून शिकवतात. रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हे तपासून पाहिलं. खरं आणि खोटं बोलणाऱ्यांच्या चित्रफिती घेऊन नजरा मोजल्या. फरक निघाला नाही. मग काही जणांना हा तक्ता शिकवला आणि खोटं ओळखायला सांगितलं. न शिकलेल्यांपेक्षा त्यांना काही जास्त ओळखता आलं नाही. तुमच्या मुलानं वर पाहिलं ते बहुधा पंख्याकडे. दहावीतली मुलं आईच्या प्रश्नाला उत्तर देताना आणखी कुठे बघणार?

तेव्हा आज त्याच्याजवळ जाऊन एवढंच म्हणा, ‘मी तुला खोटारडा म्हणाले. तू क्लासला गेला होतास. मी चूक केली.’ ‘चूक झाली’ म्हणू नका. कप फुटला, दूध उतू गेलं, तशी चूक झाली. त्यात कुणाची ते दिसत नाही. आणि पुढे ‘पण’ लावू नका. ‘पण तूसुद्धा नीट बघून उत्तर दिलं असतंस तर’ असं काहीतरी जिभेवर येईल, ते गिळा. तो ‘हं’ म्हणून हेडफोन लावील. लावू दे. लगेच उत्तर मिळावं म्हणून थांबू नका, चहाचा कप उचलायला आल्यासारख्या जा आणि परत या.

हे तीन ओळींचं वाक्य म्हणजे तुमच्या प्रश्नाचं माझं निम्मं उत्तर आहे. शब्दांनी काही बदलतं का? बदलतं. आरशाला सांगितलेल्यांनी क्वचित, माणसाला सांगितलेल्यांनी बऱ्याचदा.

आता तुम्ही शिकलात ते मुळात काय आहे ते बघू, कारण यजमानांचं ‘थोतांड’ मला पुरतं मान्य नाही आणि ग्रुपवरचं उत्तर तर अजिबातच नाही. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात रिचर्ड बँडलर नावाचा विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर नावाचे भाषाशास्त्राचे प्राध्यापक, या दोघांनी हे सुरू केलं. फ्रिट्झ पर्ल्स, कुटुंबांसोबत काम करणाऱ्या व्हर्जिनिया सॅटिर, संमोहनतज्ज्ञ मिल्टन एरिकसन असे त्या काळातले नावाजलेले उपचारक रुग्णाशी नेमकं काय बोलतात, हे त्यांनी बारकाईनं टिपलं. पहिलं पुस्तक १९७५ सालचं. कल्पना साधी होती आणि मला आजही आवडते : चांगला उपचारक माणसाच्या वाक्यात काय गाळलंय, काय ताणलंय, कुठे एका प्रसंगाचा नियम केलाय, ते पकडतो आणि तिथेच प्रश्न विचारतो.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पुढे त्यावर नजरांचे तक्ते चढले, ‘तुम्ही दृश्यवाले की श्राव्यवाले’ (म्हणजे बघून समजणारे की ऐकून) चढलं, दहा मिनिटांत भीती घालवणं चढलं, लेव्हली आणि सर्टिफिकिटं चढली. अमेरिकी लष्करानं माणसाची कामगिरी वाढवणाऱ्या तंत्रांचा अभ्यास करून घेतला, त्याच्या १९८८च्या अहवालात एनएलपीच्या दाव्यांना आधार सापडला नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नियतकालिकात तोवरच्या अभ्यासांचा आढावा आला. सरकारी आरोग्यसेवेचा पैसा संशोधनाखेरीज यावर खर्च करावा इतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्केच, हेही तुम्हाला कार्यशाळेत सांगितलं असेल. ते आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतले. तिथे सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितलं होतं. सगळ्या बोलण्याला ते लागू नाहीत, हे खुद्द मेहराबियननीच सांगितलंय. आणि गंमत बघा, शब्दांनी आयुष्य बदलायचा वर्ग आणि त्याच वर्गात शब्द ७ टक्के!

आरशाकडे येते. तुम्हाला रडू येत होतं, ते तुमच्यात खोट आहे म्हणून नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हेच करून पाहिलं. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना किंचित आणखी बरं वाटलं. ज्यांना वाटत नव्हतं, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. याला फार मोठं शास्त्र लागत नाही. तुम्ही म्हणता ‘माझं घर आनंदी आहे’, आणि आतून कुणीतरी कालच्या संध्याकाळची आठवण काढतं. वाक्य जितकं चकचकीत, तितका आतला आवाज मोठा.

२१ दिवसांचंही तसंच. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली लिहिलं. पुढे ‘निदान’ गळालं, चेहराही गळाला, आणि सगळ्या जगाच्या सगळ्या सवयी २१ दिवसांवर आल्या. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात साधी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असं दिसलं. बाविसाव्या दिवशी तुम्ही नापास झाला नाहीत.

‘तुमची शंका हाच अडथळा’ हे उत्तर मात्र मला चीड आणतं. गुण आला तर बाबांची कृपा, नाही आला तर तुझी श्रद्धा कमी. आपल्याकडे हे नवीन नाही, फक्त आता त्याला एसी हॉल आणि प्रोजेक्टर मिळालाय. जे औषध लागू पडलं नाही की रोग्याचीच चूक असते, त्याचा दुसरा डोस विकत घेऊ नये.

शब्दांत शक्ती असते, हे आपल्याला कुणी पुण्याच्या हॉटेलात शिकवायची गरज नव्हती म्हणा. ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. माझी आजी हे सगळं पाळायची. पण नारळ ‘वाढवला’ म्हणून तो फुटायचा राहतो, असं ती कधी म्हणाली नाही. जोरात दगडावर आपटायची.

तर आता साडेसात. तुम्ही लिहिलंय की सव्वासातला घरी येता आणि साडेसातला पहिला भडका. त्या वेळी तोंडून जी वाक्यं निघतात ती तीन संध्याकाळी लिहून काढा. त्याच वेळी नाही, रात्री झोपताना, जशी आठवतील तशी. सुधारायची नाहीत, फक्त लिहायची. नमुना हवा तर तुमच्या पत्रातच आहे. मी चार ठिकाणी पेन्सिलनं खुणा केल्या : ‘तो कधीच ऐकत नाही.’ ‘मला ओरडावंच लागतं.’ ‘माझ्याच्यानं राहवतच नाही.’ ‘घरात कुणालाच काही पडलेलं नाही.’

चारही वाक्यांत एक अक्षर समान आहे. च.

मराठीतला हा एवढासा च फार मोठं काम करतो. ‘ऐकत नाही’ ही आजची तक्रार आहे, ‘कधीच ऐकत नाही’ हा निकाल. ‘ओरडावं लागतं’ यात थोडी जागा शिल्लक आहे, ‘ओरडावंच लागतं’ म्हटलं की दार बंद. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५०च्या दशकापासून सांगत आले की माणसाला छळतात ते त्याचे ‘पाहिजे’. आमच्या मराठीत ते ‘पाहिजे’ एकटं येत नाही, च घेऊन येतं. व्हायलाच पाहिजे, यायलाच पाहिजे, नव्वदच्या वर पडलेच पाहिजेत.

बँडलर-ग्राइंडरांचे ते जुने प्रश्न इथे कामाला येतात, आणि फुकट आहेत. च दिसला की विचारायचं : कधीच? एकदाही नाही? कोण कोण? नेमकं काय? मी तुमच्या शेवटच्या वाक्यावर करून दाखवते. ‘घरात कुणालाच काही पडलेलं नाही.’ कुणाकुणाला? यजमान सोमवार ते गुरुवार गावाला असतात. सासूबाई? तुम्हीच लिहिलंय, त्या दुपारी भाजी निवडून, लसूण सोलून ठेवतात. म्हणजे त्यांना पडलेली आहे. मुलगा? तो गणिताच्या क्लासला कुणी न सांगता आपणहून जातो, भांडणं झाली ती विज्ञानाच्या वह्यांवरून. बरं, ‘काही’ म्हणजे काय? वह्या? की तुम्ही दमून आलात हे? असं खरवडत गेलं की तळाशी उरतं ते वाक्य असं : ‘साडेसातला मी दमलेली असते, आणि कणीक भिजवून ठेवा असं मी कुणाला सांगितलेलं नाही.’

पहिल्या वाक्यानं रडू येतं. दुसऱ्यानं येत नाही, त्यावर काही करता येतं. ते ‘मी शांत आहे’ इतकं सुंदर नाही, पण खरं आहे, म्हणून आतून कुणी वाद घालत नाही.

हेच प्रश्न मुलाला विचारू नका हं. ‘कधीच? नेमकं काय?’ असं दहावीतल्या पोराला विचारलं तर ती उलटतपासणी होते. हे स्वतःच्या वाक्यांना विचारायचे. मुलाशी बोलताना ‘का’ जरा बाजूला ठेवा. आपल्याकडे ‘का केलं नाहीस?’ हा प्रश्न नसतोच, ती शिक्षेची प्रस्तावना असते. ‘कुठे अडलं?’ असं विचारलं तर निदान एखाद्या धड्याचं नाव तरी येतं. आणि ‘मोबाइल बघू नकोस’पेक्षा ‘साडेआठपर्यंत मोबाइल आजीच्या कपाटावर’. मेंदूला ‘नको’ कळत नाही, असं तुम्हाला शिकवलं असेल. तसं काही नाही, नाहीतर ‘वाहने उभी करू नयेत’ ही पाटी लावण्यात अर्थ नव्हता. (ती वाचूनही लोक लावतात, तो मेंदूचा दोष नव्हे.) काय करायचं नाही एवढंच सांगितलं तर काय करायचं ते मोकळंच राहतं, इतकाच मुद्दा.

आणखी एक गोष्ट, जिच्या बाजूनं पुरावा भरपूर आहे. पीटर गॉलवित्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले. ‘मी शांत राहीन’ असा नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं वेळ-जागेसकट ठरवणाऱ्यांच्या हातून ती गोष्ट बरीच जास्त वेळा झाली. तुमच्यासाठी मी असं वाक्य सुचवते : ‘चप्पल काढली की आधी गॅसवर चहा ठेवीन, आणि कप रिकामा होईपर्यंत वह्यांचा विषय काढणार नाही.’ यात शांत, समर्थ, आनंदी काही नाही. चप्पल, गॅस आणि कप आहे. ते दिसतं, हाताला लागतं, म्हणून आठवतं.

तरीही एखाद्या दिवशी आवाज चढेल. तेव्हा मनातल्या मनात स्वतःला नावानं हाक मारून बघा, जशी मोठी बहीण मारील तशी : ‘अगं सुमे, थांब जरा.’ (सुमा हे मी घातलेलं नाव.) एथन क्रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं की ‘मी’ऐवजी स्वतःच्या नावानं स्वतःशी बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी थोडं सोपं जातं. आपल्या रामदासांनी सतराव्या शतकात मनालाच ‘मना’ म्हणून समोर बसवलं होतं. समोर बसवलेल्याशी जरा सबुरीनं बोललं जातं.

आता मला तुमच्या मूळ गृहीतकाबद्दल बोलायचंय. तुम्ही धरून चालला आहात की संध्याकाळचं ओरडणं हा मनाचा दोष, आणि मनाचा दोष शब्दांनी जाणार. पत्र पुन्हा वाचताना मी वेगळंच मोजत होते. डबा दीडला खाता. साडेसहापर्यंत काउंटर. बसमध्ये उभं राहून चाळीस मिनिटं. घरात पाऊल टाकलं की ओटा. रात्री दोन-अडीचला जाग येते, हे तुम्ही सहज कंसात लिहिलंय. दीड ते सव्वासात पोटात काही नसलेली, रात्रीची झोप तुटलेली बाई ओरडली तर तिला न्यूरोचं प्रोग्रॅमिंग लागतं, की चार फुटाणे आणि केळं? पर्समध्ये ठेवा आणि बसस्टॉपवर खा. विनोद नाही करत. त्रेचाळिशीत पाळी बदलायला लागते, झोप आणि चिडचिड दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या, डॉक्टरांना झोपेचंही सांगा. सगळं मनात आहे, असं सांगणाऱ्या वर्गाचा हाच मोठा तोटा : बस, काउंटर आणि रक्तातलं लोह ही नावंच तिथे निघत नाहीत.

आरशासमोरचं रडू मात्र दिवसभर पुरायला लागलं, कशातच रस वाटेनासा झाला, जगणं नकोसं वाटलं, तर चहा-फुटाण्यांवर थांबू नका. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ वर दिवसरात्र फुकट आहे आणि मराठीतही बोलते. समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठायलाही संकोच नको.

राहिला कोर्स. एनएलपी प्रॅक्टिशनर ही कायद्यानं ठरवलेली पदवी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतात पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. एनएलपीचं सर्टिफिकीट देणाऱ्याला तशी कुठलीच लागत नाही. खुद्द बँडलर आणि ग्राइंडर यांच्यातच पुढे नावाच्या हक्कावरून कोर्टबाजी झाली, त्यामुळे जगभर एक अधिकृत संस्था असंही नाही. ज्यांना प्रशिक्षणाचा किंवा विक्रीचा धंदा करायचाय आणि समोरच्याशी बोलायचा सराव हवाय, त्यांनी स्वतःच्या कमाईतून जरूर करावा. त्यातून चार चांगले प्रश्न विचारायला शिकलेले लोक मला माहीत आहेत. मुलावर ओरडणं थांबावं म्हणून एफडी मोडणं, हा त्याचा उपयोग नाही.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ‘दोन दिवस कुणीतरी मला विचारत होतं की तुम्हाला काय हवंय, आणि चहा हातात आणून देत होतं.’ ताई, मला वाटतं तुम्हाला पुढची लेव्हल नकोय, ते दोन दिवस परत हवेत. ते मागायला लाज कसली? महिन्यातून एक रविवार मैत्रिणीकडे, माहेरी, एकटीनं नरसोबाच्या वाडीला घाटावर, कुठेही. यजमान शुक्रवारी येतात ना, त्यांना ‘थोतांड’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक स्वयंपाक होत नाही, हे मान्य. पण शनिवारची खिचडी नक्की होते. तुम्ही मागितलेली आहे का, एवढं तपासा. ‘यांना कळायलाच पाहिजे’ यातही च आहे.

ग्रुपवर ‘शेवटच्या ३ जागा’ असा मेसेज एव्हाना आला असेल. ग्रुप म्यूट करा, एफडी रिन्यू करा. चहाचं आणि मुलाचं काय झालं ते महिनाभरानं कळवा.